केतकीचा दात

श्रावण शुद्ध नवमी

बकुळचं म्हणणं असं, की माझं मराठी हे मराठी नव्हेच. काल मी तिला म्हणालो, "पाणी तापलं की मला आवाज दे," तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आवाज काय द्यायचा? हाक मारायची!" ती साताऱ्याची, वैशाखात लग्न होऊन या घरात आली. आम्ही पिढ्यान् पिढ्या झाशीचे. घराबाहेर पडलं की हिंदी, आणि स्टेशनवर बुकिंगच्या खिडकीत बसलं की दिवसभर बुंदेली. आज तिने माहेरून आणलेली एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "रोज चार ओळी लिहा. लिहिता आलं की बोलताही येईल." म्हणून लिहितो आहे.

लिहायला विषयही तयारच आहे. काल केतकीने बाबांना पाडलं.

केतकी म्हणजे आमची घोडी. अजून पुरती घोडीही नाही, शिंगरूच म्हणायचं. दुधाचे पुढचे दोन दात पडून नवे आले आहेत एवढंच. बाबांनी तिला दतियाच्या बाजारातून आणलं, तेही वैशाखातच. आमचा मूळ पुरुष घोडदळातून इकडे आला आणि लक्ष्मी गेटपाशी घर बांधून राहिला. घोड्यांविषयीचं ज्ञान घरात अजून भरपूर आहे, फक्त घोडा आजोबांच्या वेळेपासून नव्हता. बाबांची सगळी नोकरी मालगोदामात पोती मोजण्यात गेली. आता निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मनावर घेतली आहे: यंदा दसऱ्याला सीमोल्लंघनाला स्वतःच्या घोड्यावरून जायचं.

देवघरात मूळ पुरुषाची तलवार आहे आणि तिच्याशेजारी त्याच्या घोड्याचा लगाम. जड लोखंडी, मध्ये काटे असलेला. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहतात. काल बाबांनी त्याला नमस्कार केला आणि तोच केतकीच्या तोंडात चढवला. तिने मान अशी झुगारली की बाबा थेट कडुनिंबाच्या बुंध्याशी. खांद्याचं हाड मोडलं आहे. हात गळ्यात बांधला आहे, पण ओरडणं चालू आहे, म्हणजे तब्येत ठीक असावी.

श्रावण शुद्ध त्रयोदशी

आई आज स्वयंपाकघरात स्वतःशीच बोलत होती. "वैशाखात घरात दोन जीव आले. एक दावणीला, एक माजघरात." मी म्हणालो, "हो ना, घर भरल्यासारखं वाटतं." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आपण पुन्हा मराठीत काहीतरी चुकलो.

श्रावण वद्य चतुर्थी

बबीना स्टेशनवरची जागा मला मिळाली नाही. तिथल्या बुकिंगचा मुख्य म्हणून माझं नाव वर गेलं होतं, सोबत छोटंसं क्वार्टर. बकुळने क्वार्टरच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत हेसुद्धा विचारून घेतलं होतं. आता म्हणतात थांबा, वरून काही कळलेलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती फुलवाती वळत होती. "आधी ह्यांचं हाड. आता तुझी बढती. भैया, पायगुण म्हणून काही चीज असते." मी विचारलं, कोणाचा? आई म्हणाली, "तेच तर बघायचं आहे. दोघींपैकी एकीचा आहे. दसऱ्याच्या आत एक जाईल, म्हणजे कळेल."

बकुळ मागच्या दारात परात घासत होती. परातीचा आवाज थांबला होता. मी आईला काही बोलणार होतो, पण ड्यूटीची वेळ झाली. एवढं मात्र खरं, की केतकीला लगाम दाखवला तरी ती भिंतीला जाऊन चिकटते. अशा जनावरात काहीतरी वाईट असणारच, असं वाटतं. मग लगाम नसला की ती गायीसारखी गरीब का असते, ते समजत नाही.

श्रावण वद्य नवमी

बकुळने केतकीच्या तोंडात बोट घातलं!

मी पाहिलं आणि धावत गेलो. काल गोकुळाष्टमी झाली, त्याचा उरलेला गूळ ती घोडीला भरवत होती. म्हणाली, "इथे बघा, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते ना, जिथे लगामाचं लोखंड बसतं? तिथे दाढेला लागून एक बारीक दात आहे. दोन्हीकडे. बोट लागलं की अंग चोरते."

मी म्हणालो, बोट तुटलं असतं. ती म्हणाली, "मी दाताचं सांगते आहे." मी म्हणालो, मी बोटाचं सांगतो आहे. मग तिने उरलेला गूळ केतकीला दिला.

बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. घोड्याला सुळे येतात, घोडीला येत नाहीत, हे आमच्या घराण्यातलं ज्ञान. "सुळ्याची घोडी धन्याला खाते," असं त्यांचे आजोबा म्हणत. त्यांनी गळ्यातल्या हाताकडे पाहिलं आणि आत निघून गेले. दिवसभर अंगणात फिरकले नाहीत.

श्रावण वद्य द्वादशी

घरात एकदम शांती. आईने बकुळला जवळ बसवून तिची वेणी घातली. जेवताना तिच्या पानात स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढली, वर तूप. "उगाच माझ्या मनात भलतंसलतं येत होतं गं," असंही म्हणाली. खोट केतकीत निघाली, आता प्रश्नच मिटला. वीटभट्टीवाला ठेकेदार घोडी न्यायला तयार आहे. तिथे विटा वाहायच्या, लगामाचं एवढं कौतुक नाही.

मला फार बरं वाटलं. बकुळने मात्र अर्धी पोळी पानात टाकली. बहुधा गोड जास्त झालं.

श्रावण अमावास्या, पोळा

इकडे पोळा कोणाला माहीत नाही. बकुळने मातीचे दोन बैल केले, त्यांची पूजा केली आणि नैवेद्य नेऊन केतकीला दिला. मी म्हणालो, हा बैलांचा सण. ती म्हणाली, "राबणाऱ्याचा सण."

मग बाबांसमोर जाऊन उभी राहिली. सासऱ्यांशी ती एरवी दाराआडून बोलते. "मामंजी, तो दात काढून घेऊ या. माणसाचा दुखरा दात काढतात, तसा. मग बघू ती मान झुगारते का."

आई हातातलं सूप घेऊन तशीच उभी. ती म्हणाली, "सूनबाई, दात काढला आणि घोडी सुधारली, तर मग काय, ते समजतं ना तुला?"

"समजतं," बकुळ म्हणाली.

मला समजलं नाही. संध्याकाळी तिला विचारलं, अगं, सगळं जिथल्या तिथे बसलं होतं, आई तुझ्यावर खूश होती, तू कशाला मध्ये पडतेस? ती म्हणाली, "तिची बाजू कोणीतरी घ्यायला नको का?" मी म्हणालो, केतकीची? ती मातीचे बैल उचलून ठेवायला लागली. बायकांना जनावरांचा फार लळा असतो.

भाद्रपद शुद्ध तृतीया

छावणीत जाऊन आलो. बाबांनीच पाठवलं. त्यांना घोडी जाऊ द्यायची नाही हे मला आज कळलं. वीटभट्टीचं नाव निघालं की ते मिशी चावतात.

छावणीतले घोड्यांचे वैद्य, सलोतरी अज़ीम मियाँ म्हणजे बोलण्याचा धबधबा. पलटणीतल्या सगळ्या घोड्यांचे दात आपल्या हातून गेले, असं म्हणतात. माझं ऐकून ते हसले. "अरे बाबूजी, वो सुळा-वुळा कुछ नहीं. सुळा आगे की तरफ होता है. ये दाढ़ से सटा हुआ फालतू दाँत है, किसी काम का नहीं. बछेड़ी हो या बछेड़ा, बहुतों को निकलता है. साहब लोग इसे भेड़िये का दाँत कहते हैं. लोहा इसी पे बजता है, जानवर बिदकता है. बस."

मी विचारलं, मग अपशकुन? ते म्हणाले, "शगुन पंडितजी से पूछिए, दाँत मुझसे."

घरी येऊन मी भेड़िया वगळून सांगितलं. पण बाबांना हवी होती सबंध हकीकत, आणि त्यांनी ती आईला अभिमानाने ऐकवली. लांडग्याचा दात घरात आहे म्हटल्यावर आईने संध्याकाळी घरभर धूप फिरवला. तिची एकच अट: पितृपक्षात दारात रक्त नको. म्हणजे पौर्णिमेच्या आत काढायचा.

भाद्रपद शुद्ध द्वादशी

आज दात काढले.

सकाळी बकुळने विचारलं, "तुम्ही तिच्या दुसऱ्या बाजूला उभे राहाल ना? एका बाजूला मी आहे." मी म्हणालो, राहीन की. रजाही घेतली होती.

अज़ीम मियाँनी केतकीला कडुनिंबाशी उभं केलं. वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीने पिळला, म्हणजे जनावराचं लक्ष तिकडे राहतं म्हणे. केतकीचे डोळे पांढरे झाले. बकुळने तिच्या मानेवर गाल टेकला आणि काहीतरी गुणगुणत राहिली. बाबा एका हाताने हुकूम सोडत होते. अज़ीम मियाँनी बारीक छिन्नीने हिरडी सैल केली, मग लांब दांड्याचा, पक्कडीसारखा जंबूर तोंडात घातला. त्यांची पकड बसली तेव्हा कचकन आवाज आला, आणि मला एकाएकी वाटलं की दाराशी कोणीतरी आलं आहे. बघायला गेलो. कोणी नव्हतं. पण तिथून लगेच परतायला जमलं नाही.

परत आलो तोवर एक दात निघाला होता. मक्याच्या दाण्याएवढा, खाली टोकदार मूळ. दुसरा अर्ध्यात तुटला. बाबा म्हणाले, मूळ आत राहिलं. अज़ीम मियाँ म्हणाले, राहिलं नाही. मग म्हणाले, राहिलं असेल तर हिरडी स्वतःच बाहेर टाकेल. मग म्हणाले, ऐसा भी होता है. आता मूळ आहे की नाही? पलटणीतल्या घोड्यांचंही असंच झालं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

रक्त फारसं नव्हतं. बकुळच्या पदरावर थोडं होतं. ती मिठाच्या पाण्याने केतकीचं तोंड धूत होती. मी म्हणालो, दाराशी कोणीतरी आल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "हो. मला ठाऊक होतं, तुम्हाला वाटेल." रागावलेली नव्हती. तेच जरा विचित्र वाटलं.

आईने दात चौकात टाकायला सांगितला. बकुळने तो पदराच्या गाठीला बांधला.

भाद्रपद पौर्णिमा

केतकी भिजवलेले हरभरे खाते आहे. तोंडाला वास नाही. मूळ बाहेर पडलेलं दिसलं नाही.

भाद्रपद वद्य नवमी

बाबांनी पुन्हा देवघरातला लगाम काढला. बकुळ पुढे झाली आणि म्हणाली, "मामंजी, एवढी वर्षं त्याला कुंकू लागतं आहे. तो आता देवच झाला. देवाला कोणी घोडीच्या तोंडात देतं का?" बाबांनी त्या काट्यांवरून अंगठा फिरवला. मग छावणीतून साधा, गुळगुळीत लोखंडाचा लगाम आणवला.

बकुळने त्याला गूळ चोळला. केतकीने आधी हुंगलं, मग जबडा उघडला आणि लगाम घेतला. मान झुगारली नाही, भिंतीला चिकटली नाही, लोखंड चघळत उभी राहिली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अंगणातच ओरडले, "अगं ऐकलंस का, निर्दोष आहे पोर! निर्दोष आहे!"

आई पितरांच्या पानासाठी भाजी चिरत होती. विळीवरून वर न बघता म्हणाली, "मग राहिलं कोण?"

मी म्हणालो, कशाचं कोण? आई भाजी चिरतच राहिली. बकुळ लगामाचा पट्टा सैल करत होती, तिचा हात क्षणभर थांबला. मला खरंच काही समजलं नाही. असं लिहिलं आहे खरं, पण लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचून पाहिलं. नेमकं काय समजलं नाही, तेही सांगता येत नाही.

आश्विन शुद्ध द्वितीया

आईने बकुळचा रेल्वेचा पास काढायला सांगितला. पहिला दिवाळसण आहे, लेक माहेरी जाऊ दे, आणि नंतर थंडीभर तिथेच राहू दे. पुढचं पुढे बघू. गार्ड गोपाळरावांचं कुटुंब दसऱ्यानंतर पुण्याला जाणार आहे, त्यांची सोबत आहे.

मी बकुळला सांगितलं. वाटलं होतं खूश होईल. तिने एवढंच विचारलं, "दिवाळसणाला जावई लागतो ना?" मी म्हणालो, आई म्हणते दिवाळीत रजा मिळायची नाही. "तुम्ही मागितली?" मागितली नव्हती. आई म्हणाली होती ना, मिळायची नाही.

विजयादशमी

केतकीच्या कपाळाला कुंकू लावायला आई गेली, तर घोडी मागे सरली. तिने पुन्हा हात पुढे केला, केतकी पुन्हा मागे. बाबा फेटा बांधून तयार, गल्लीतले लोक बघत उभे. शेवटी बाबाच म्हणाले, "सूनबाईंना बोलवा." बकुळ आपली ट्रंक भरत होती, ती आली. केतकीने मान खाली केली. कुंकू, झेंडूची माळ, मग लगाम. बाबा रुबाबात निघाले, जुना लगाम शोभेला खोगिराला बांधून. पाठीमागून पाहिलं तर गोदामातले बाबा ओळखू आले नसते. आपट्याची पानं घेऊन सुखरूप परत आले.

आनंदाचा दिवस होता. तरी जेवताना मी अर्धी पोळी पानात टाकली.

आश्विन शुद्ध एकादशी

बकुळ गेली. खिडकीत बसून मी रोज लोकांना गाडीत बसवून देतो, पण आज फलाटावर काय करायचं असतं ते आठवेना. पाणी आणून दिलं. पुन्हा पाणी आणून दिलं. विचारलं, कधी येशील? पास येण्याजाण्याचा आहे.

ती म्हणाली, "तुम्ही न्यायला याल तेव्हा."

मी म्हणालो, अगं, पास आहे ना! परत येताना कोणाचीतरी सोबत बघू. गाडीने शिट्टी दिली. तिने पदराची गाठ सोडून तो दात माझ्या हातावर ठेवला. "केतकीचा आहे, घरीच राहू दे."

हे का दिलं असावं?

आश्विन वद्य चतुर्थी

बबीन्याचा हुकूम आला. जागा मला. क्वार्टरसकट.

आईने देवापुढे साखर ठेवली. "बघितलंस भैया? ती गेली आणि हुकूम आला. आता तरी पटलं?" मी हुकूम हातात धरून उभा. म्हणजे खरंच? बाबांचं हाड बरं झालं तेव्हा बकुळ इथेच होती. केतकी सुधारली ती तर तिच्यामुळेच. मग हुकूम तेवढा तिच्या जाण्याने आला? डोकं चालेना.

अंगणात जाऊन केतकीला गूळ दिला. तिने तो खाल्ला आणि माझ्या पाठीमागे दाराकडे पाहिलं. मी तिच्या तोंडात बोट घातलं. पहिल्यांदाच. तिथे आता काही नव्हतं, गुळगुळीत हिरडी होती. दुसऱ्या बाजूलाही गेलो. तिथेही काही नव्हतं, मूळबीळ काही नाही. तो दात खिशात होता. एवढासा. एवढ्याशा दाताला आम्ही सुळा म्हणालो, लांडगा म्हणालो, घोडीला धन्याला खाणारी म्हणालो. तो काढून हातावर आला तेव्हा कळलं की घोडीला नुसतं दुखत होतं.

आणि मग मला रडू आलं. घोडीसमोर. बकुळ पाच महिने माझ्याकडे बघत होती आणि मी दाराशी कोण आलं ते बघत होतो.

आत जाऊन आईला म्हणालो, "आई, मला पायगुणातलं काही कळत नाही. केतकीला दात होता. बकुळला काय होतं, ते सांग."

आई साखरेच्या वाटीकडे बघत राहिली. मी उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिलो. गेलो नाही. शेवटी ती म्हणाली, "काही नव्हतं." मग चिडून म्हणाली, "जा, जा, आण तिला. बबीन्याला तरी कोण रांधून घालणार आहे तुला!"

बाहेरून बाबा म्हणाले, "स्टेशनपर्यंत केतकीवरून जा." मी घोड्यावर कधी बसलेलो नाही, हे आमच्या घराण्यात कोणाच्या लक्षात नसतं. चालत जाईन म्हणालो.

आश्विन वद्य नवमी, गाडीत

रजा मागितली, साहेबांनी दिली. इतकं सोपं होतं.

बबीना आत्ताच गेलं. गाडी थांबली तेवढ्यात क्वार्टर पाहून घेतलं. खिडक्या पूर्वेला आहेत, तिने विचारलं तेव्हा मी पश्चिमेला सांगितलं होतं. मागे केतकीला बांधण्याजोगी जागा आहे. बाबा ती देणार नाहीत, पण जागा आहे.

बीना जंक्शनच्या पुढे मी कधी गेलेलो नाही. साताऱ्याला पोचल्यावर सासऱ्यांसमोर काय बोलायचं, मेहुण्या थट्टा करतील तेव्हा हसायचं की नाही, काही माहीत नाही. तिला बोलायचं वाक्य मात्र तयार केलं आहे. बऱ्याच वेळा खोडून शेवटी एवढं राहिलं: "तुला न्यायला आलो." यात एखादा शब्द हिंदीतला असला तर ती हसेल. हसू दे. पदर तेवढा तोंडाला लावू नको म्हणून सांगणार आहे.